मधले तीन तास

रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोरीने ओढायचं मोठं जाळं, ती ओढायला पहाटे माणसं कमी पडतात आणि मला पहाटे झोप नसते. त्यामुळे २०११ साली फौजेतून घरी आलो तेव्हा गावात माझी सोय लगेच लागली. तीन वाजता डोळा उघडायचा तो परत मिटायचा नाही. वाशांकडे बघत पडण्यापेक्षा दोरीला हात लावलेला बरा. लोक म्हणायचे, फौजी तो फौजीच, शिस्त बघा. मी काही बोलायचो नाही.

गाव मालवण तालुक्यात, अगदी किनाऱ्याला. १९९४ ला मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झालो, बेळगावला ट्रेनिंग, १७ वर्षं नोकरी, आणि नाईक असताना स्वतः अर्ज करून बाहेर पडलो. मधली दोनेक वर्षं राष्ट्रीय रायफल्सबरोबर काश्मीरच्या कुपवाडा जिल्ह्यात होतो. सांगायचं आहे ते तिथलं, २००४ च्या ऑक्टोबरातलं. ते तोंडातून बाहेर पडायला २०२४ उजाडलं.

उपचाराला गेलो त्याला कारण झाले वडील. २०२२ च्या ऑगस्टमध्ये ते शेवाळलेल्या पायरीवरून घसरले. वय ७९, उजवा हात मोडला, प्लास्टर. त्या दिवशी पावसाने उघडीप दिली होती. मी बाजारातून आलो, ते पडवीत बसलेले. ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून डावा हात कपाळाला लावून त्यांनी बघितलं आणि विचारलं, "इलंस रे बाबू?" मी पिशवी तिथेच टाकली, मागच्या माडाखाली गेलो आणि ओकलो.

त्यानंतर वडिलांच्या समोर बसून मला जेवता येईना. ताट घेऊन मागच्या दारी जायचो. प्लास्टर निघालं तरी तेच. बायकोने आधी काही दिवस बघितलं, मग विचारलं, मग विचारायचं सोडलं. आईने देवाकडे कौल घेतला, गाऱ्हाणं घातलं. मी कॅन्टीनची रम घेत होतोच, ती वाढली.

त्याआधीही एकदा डॉक्टरकडे जाऊन आलो होतो, जवळच्या शहरात, खाजगी दवाखान्यात. बॉम्बस्फोटात मित्र गेला, झोप येत नाही, एवढं सांगितलं. डॉक्टर भला माणूस होता. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "स्वतःला दोष देऊ नका. तुमची काही चूक नव्हती." गोळ्या दिल्या. गोळ्यांनी झोप यायची, पण ते वाक्य ऐकून मी परत त्याच्याकडे गेलो नाही. का, ते मला तेव्हा कळलं नव्हतं. एवढंच वाटलं की ह्याला काही माहीत नाही, आणि ज्याला माहीत नाही त्याने माफ करून काय उपयोग.

आमच्याकडे एखाद्याचं डोकं फिरलंय म्हणायचं तर 'रत्नागिरीक धाडूक व्हयो' म्हणतात, कारण मनोरुग्णालय तिथलं. चेष्टेतच म्हणतात, पण ती चेष्टा ऐकत मोठा झालेला माणूस आपल्या पायाने मानसोपचाराला जात नाही. मीही गेलो नसतो. मुलगा कुडाळला शिकतो, त्याने १४४१६ हा नंबर काढला. टेली-मानस, सरकारची फोनसेवा, २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झालेली. मराठीतून बोलतात. शिवाय डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे फौजेच्या मेडिकल कॉलेजात, फौजेतल्यांसाठी तिचा वेगळा कक्षही निघाला. मुलाने नंबर माझ्या फोनमध्ये 'गॅस एजन्सी' नावाने सेव्ह करून दिला, म्हणजे कुणी बघितला तरी हरकत नाही. पोरगं हुशार आहे.

आठ दिवस तो नंबर तसाच होता. मग एका संध्याकाळी सड्यावर, गावावरच्या कातळाच्या माळावर, गेलो. घरात रेंज नसते, आणि असती तरी घरात बोललो नसतो. पहिल्या फोनवर बाईंनी झोप, जेवण, दारू विचारली आणि मग सरळ विचारलं, "मरून जावं असं वाटतं का?" इतक्या सरळ कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, होडीत एकटा असलो की कधी कधी वाटतं. त्यांनी फोन ठेवू दिला नाही. घरात कोण आहे, आज रात्री कोण जवळ असेल, एकट्याने होडी काढणार नाही ना, हे सगळं माझ्याकडून वदवून घेतलं. तिथून दोन-तीन फोन होऊन मी पुण्यातल्या एका मानसतज्ज्ञ मॅडमपर्यंत पोचलो. दर शनिवारी व्हिडिओ कॉल. सड्यावर चुलत्याचा मांगर, म्हणजे गुरांची-गवताची खोपी, आहे, तिथे गवताच्या भाऱ्यावर बसून. पावसाळ्यात पत्र्यावरच्या आवाजाने काही ऐकू येईना, तेव्हा इयरफोन घेतले.

पहिल्या महिन्यात मी त्यांना पुलियाची, म्हणजे रस्त्याखालच्या मोरीची, गोष्ट सांगितली. ती सांगायला मला जड जात नव्हतं, सरावाची होती.

आर.ओ.पी. म्हणजे रोड ओपनिंग पार्टी. कानवाय, म्हणजे फौजी गाड्यांचा ताफा, जायच्या आधी पहाटे रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी चालत जायचं, प्रत्येक पुलिया, प्रत्येक उकरलेली माती बघायची. आमच्या वाट्याला अकरा पुलिया होत्या. त्या दिवशी बॉम्ब हुंगणारं कुत्रं आजारी होतं. थंडी, रिपरिप पाऊस. आठव्या पुलियाला मी एका तोंडाने खाली उतरलो, टॉर्च मारला, पलीकडच्या तोंडाला गेलो नाही. वर येऊन क्लियर दिलं. दीड तासाने तिथेच गाडी उडाली. तीत माझा जोडीदार होता, देवगड तालुक्यातला. बेळगावात आम्ही एकाच दिवशी डोकं भादरून घेतलं होतं. हेलिपॅडवर त्याला घेऊन गेलो, पुढे गोव्यापर्यंत विमानाने आणि तिथून गाडीने घरी आणला तो मीच. गावात बंदुका झाडल्या, लोक माझ्याही पाया पडले.

ही गोष्ट मॅडमनी मला डोळे मिटून सांगायला लावली, आत्ता घडतंय अशी. 'उतरलो' नाही, 'उतरतोय'. काय दिसतंय, वास कसला येतोय, हाताला काय लागतंय. मग परत पहिल्यापासून. आणि परत. रेकॉर्ड करून रोज एकदा ऐकायचं. पहिले आठ दिवस त्रास वाढला, मी सोडणार होतो. तिसऱ्या आठवड्यात त्या आवाजाची धार बोथट झाली. त्या वर्षी गणपतीत वाडीत फटाक्यांची माळ लावली तेव्हा मी जागचा हललो नाही. बायकोने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. म्हणजे ही पद्धत चालते, भीतीवर तर नक्की चालते.

पण वडिलांच्या समोर जेवायला बसता येईना ते येईनाच.

एका शनिवारी मॅडम म्हणाल्या, "तुम्ही दर वेळी पुलियावरून थेट हेलिपॅडवर येता. मधे किती वेळ गेला होता?" मी म्हटलं, तीनेक तास. "मग त्या तीन तासांत तुम्ही कुठे होता?"

मी म्हटलं, रेंज जातेय. आणि फोन बंद केला.

पुढचे दोन शनिवार मी सड्यावर गेलो नाही. त्यांनी मेसेज केला: घाई नाही, पण जागा ठेवली आहे. तिसऱ्या शनिवारी गेलो आणि सांगितलं.

स्फोटानंतर आम्ही जवळच्या गावाला वेढा घातला. घरं झडतीला घेतली. तिसऱ्या घरात एक म्हातारा होता. ओळखीचा. आमच्या पोस्टखालच्या रस्त्याने तो बकऱ्या घेऊन जायचा, आम्ही त्याला चाचा म्हणायचो. महिन्यापूर्वी त्याने मला फेरनच्या, त्यांच्या लांब अंगरख्याच्या, खिशातून मूठभर अक्रोड दिले होते. मी त्याला विचारलं, रात्री कोण आलं होतं? तो म्हणाला, मला माहीत नाही. तो हळू बोलला, शांत. त्या शांतपणाचाच मला राग आला. मी रायफलचा बट घातला. त्याने हात आडवा धरला, तो मोडला. लाकूड मोडल्यासारखा आवाज आला. मी परत मारला. घरातली बाई ओरडत होती. माझ्यामागे दोघं होते, त्यांनी मला धरून बाहेर काढलं. त्या घरात काही सापडलं नाही. कुणी मला काही विचारलं नाही, कुठे काही लिहिलं गेलं नाही.

तीन आठवड्यांनी मी रस्त्यावर ड्युटीला होतो. तो बकऱ्या घेऊन आला. उजवा हात गळ्यात बांधलेला. माझ्यासमोर आला, थांबला, आणि डावा हात कपाळाला लावून सलाम केला. मग पुढे गेला.

एवढंच आहे. वाचणाऱ्याला वाटेल, एवढंच? मलाही तेच वाटायचं, म्हणूनच सांगता येत नव्हतं. माणूस मेला नाही. याच्यापेक्षा भयंकर गोष्टी लोकांनी बघितल्या आहेत, केल्या आहेत. पण मी कोळ्याचा मुलगा, हातावर पोट असलेल्या माणसाचा हात म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको होतं. आणि तो माझा ओळखीचा होता.

मी सांगून थांबलो आणि वाट बघत राहिलो. आता त्या म्हणणार, तुमची चूक नव्हती, परिस्थितीच तशी होती. त्यांनी ते म्हटलं नाही. बराच वेळ काहीच म्हटलं नाही. मग म्हणाल्या, "ते चुकीचं होतं. आणि ते तुम्हाला त्याच क्षणी माहीत होतं. म्हणून तर वीस वर्षं तुम्ही हे असं वागवताय." मांगराच्या भिंतीला टेकून मी मोठ्याने रडलो. बाहेर चुलत्याचा बैल होता, तो बघत होता.

त्यानंतर त्यांनी मला समजावून सांगितलं. युद्धातून आलेल्यांचा आघात म्हटला की डॉक्टरांना १९८० पासून पीटीएसडी हे नाव माहीत आहे. त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा भीती असते. पण बोस्टनमध्ये व्हिएतनामच्या सैनिकांवर उपचार करणारे जोनाथन शे म्हणून डॉक्टर होते. त्यांच्या लक्षात आलं की काही जण घाबरलेले नाहीत, आतून मोडलेले आहेत. वरच्यांनी विश्वासघात केला म्हणून मोडलेले. १९९४ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं, आणि त्याला इंग्रजीत मॉरल इंज्युरी म्हणतात. पुढे २००९ मध्ये ब्रेट लिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात स्वतःच्या हातून घडलेलं आणि डोळ्यांदेखत घडून थांबवलं नाही तेही धरलं. मराठीत मॅडम 'नैतिक जखम' म्हणायच्या. मला तो शब्द सरकारी वाटतो. माझी आई त्याला 'मनाक लागला' म्हणेल आणि ते जास्त बरोबर आहे.

शे यांनी ग्रीक योद्ध्याची गोष्ट घेतली होती म्हणे. मला दशावतारातला धर्मराज आठवला. लढाई जिंकल्यावर त्याला कळतं की कर्ण आपला भाऊ होता, आणि मग जिंकलेलं राज्य त्याला नको होतं. लहानपणी हे बघताना आम्ही पोरं कंटाळायचो, राक्षस कधी येतो याची वाट बघायचो.

मॅडमनी माझ्यावर जे केलं त्यात लिट्झ यांच्या पद्धतीचा बराच भाग होता. मूळ ती मोजक्या बैठकांची, अमेरिकन मरीन सैनिकांसाठी बनवलेली. मला वीसच्या वर लागल्या, दोन सुट्ट्या धरून.

एकदा त्यांनी कागदावर गोल काढायला सांगितला. जे घडलं त्याची जबाबदारी किती जणांची, ते पाडा. आधी पुलिया घेऊ. मी म्हटलं, हे तर रापणीचे वाटे. "म्हणजे?" मी त्यांना समजावलं, जाळ्याचा वाटा वेगळा, दोरी ओढणाऱ्यांचे वाटे वेगळे, मासळी कितीही येवो, हिशेब सगळ्यांसमोर वाळूत होतो. त्यांना ते इतकं आवडलं की पुढे गोल हा शब्द गेला, वाटे हाच राहिला. पुलियाचे वाटे घातले: बॉम्ब ठेवणाऱ्याचा सगळ्यांत मोठा. कुत्रं नसताना तेवढ्याच वेळात रस्ता उघडायला सांगितलं त्याचा एक. पावसाचा, अंधाराचा. माझा होता, पण इतकी वर्षं मी अख्खी रापण एकट्याच्या टोपलीत भरत होतो. ते मला दिसलं.

मग चाचाच्या हाताचे वाटे. मित्र गेल्याचा राग, झोप नव्हती, ज्यांनी धरायला उशीर केला ते दोघं, ज्यांनी विचारलं नाही ते वरचे. सगळं मांडलं. आणि शेवटी मॅडमनी विचारलं, तुमचा किती? मी म्हटलं, अर्ध्याच्या वर. मला वाटलं त्या कमी करायला लावतील. त्या म्हणाल्या, "ठीक आहे. मलाही तसंच वाटतं." माझा वाटा कुणीतरी मान्य केला. पहिल्या डॉक्टरचं वाक्य मला का झोंबलं होतं ते मला त्या दिवशी कळलं. त्याने माझा वाटाच काढून घेतला होता.

गाऱ्हाण्याचा विषय निघाला तो असाच. पुढची पायरी होती डोळे मिटून एका अशा माणसाशी बोलायचं की ज्याचा शब्द मी मानतो आणि ज्याचा माझ्यावर जीव आहे. त्याला सगळं सांगायचं, आणि तो काय म्हणेल ते त्याच्या तोंडून मीच बोलायचं. मी म्हटलं, आमच्याकडे हे देवासमोर होतं. मानकरी गाऱ्हाणं घालतो, बाकीचे 'व्हय महाराजा' म्हणतात. त्यांनी ऐकायचं म्हटलं म्हणून मी म्हणून दाखवलं, "काय चुकला माकला असात तर पोटात घाल, व्हय महाराजा." त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "छान आहे. पण यात चूक काय ते कुठे आलं?" मी विचार केला. खरंच येत नाही. चुकला माकला, सगळं एकाच गाठोड्यात. देवाला माहीतच असतं म्हणून आपण बोलत नाही. "इथे मात्र नाव घ्यायचं," मॅडम म्हणाल्या.

मी वडिलांना निवडलं. त्यांना खरं सांगितलं नाही, अजून नाही. मांगरात समोर रिकामा पाट ठेवला आणि मालवणीत बोललो, कारण त्यांच्याशी प्रमाण मराठीत बोलणं म्हणजे तहसीलदाराशी बोलल्यासारखं. मॅडमना अर्धं कळलं नसेल. वडिलांच्या तोंडून उत्तर आलं ते मला अपेक्षित नव्हतं. ते म्हणाले, "हात मोडलंस? मगे बकऱ्यो कोण बघी होतो त्येच्यो?" बस, तेवढंच. माफी नाही, शिवी नाही, व्यवहाराचा प्रश्न. माझे वडील असेच आहेत.

नंतरच्या खेपेला पाटावर चाचाला बसवलं. मोडक्यातोडक्या हिंदी-उर्दूत बोललो. पहिल्या वेळी त्याचं उत्तर आलंच नाही. मॅडम म्हणाल्या, न आलेलंही चालेल. दुसऱ्या वेळी एवढंच आलं की हात थंडीत दुखतो. माफ केलं असं तो बोलला नाही, आणि मी त्याच्या तोंडी ते घातलं नाही. घालता आलं असतं, कोण बघतंय.

मग भरपाईचा प्रश्न. मी म्हटलं होतं, कुपवाड्याला जातो, शोधतो. तो २००४ मध्येच सत्तरीचा असेल. मॅडमनी विचारलं, वीस वर्षांनी दारात परत एक फौजी उभा राहिला तर त्या घराला काय वाटेल? तिथे मी गप्प झालो. देवगडच्या जोडीदाराच्या आईचंही तेच. तिला आठव्या पुलियाचं सांगायचं का? सांगून कुणाचं ओझं उतरणार आणि कुणाचं चढणार? यावर आमचे तीन शनिवार गेले आणि निर्णय झाला नाही. पूर्वी मी देवगडच्या बाजारात तिला लांबून बघितलं तर रस्ता बदलायचो. आता घरी जातो, चतुर्थीला जातोच. तिने विचारलं तर खोटं बोलणार नाही, इतकं ठरलंय. तिने अजून विचारलेलं नाही. कधी कधी वाटतं तिला माहीत आहे.

बायकोला मात्र सांगितलं. रात्री, भांडी घासून झाल्यावर. ऐकून ती म्हणाली, "कायतरी असा ह्या माका ठावक होता. माका वाटला दुसरी बाईल असा." इतक्या वर्षांनी आम्ही दोघं हसलो. मग ती बराच वेळ बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही फारशी बोलली नाही. तिच्याही मनाला लागलं असणार, आणि त्याचा शनिवार कुणी ठेवलेला नाही.

झोपेचं म्हणाल तर आता साडेचारपर्यंत लागते. रम पूर्ण सुटली नाही, कमी झाली. वडिलांचं वय ८१. दुपारी आम्ही समोरासमोर जेवतो. ते हात कपाळाला लावतात तेव्हा पोटात अजून गोळा येतो, पण मी ताट उचलत नाही.

सकाळी वाळूत अग्निवीर भरतीची तयारी करणारी पाच-सहा पोरं धावतात. मी त्यांची वेळ लावतो, पुलअप्स घेतो. मॅडम म्हणाल्या होत्या, दुरुस्ती त्याच जागी करता आली नाही तर जवळपास कुठे करता येईल ते बघा. मी पोरांना चाचाची गोष्ट सांगितली, धावणं झाल्यावर, वाळूत बसून. मित्र गेल्यावरचे पहिले तीन तास सांभाळा, एवढंच सांगायचं होतं. गोष्ट संपली आणि त्यांतला एक, चांगला धावणारा, म्हणाला, "मगे काय झाला काका? त्येंका तसाच व्हया."

माझा हात उठला होता. मी तो वाळूत खुपसून ठेवला. मग त्याला अक्रोडांचं परत सांगितलं, पहिल्यापासून, चाचाचा खिसा, फेरनचं कापड, सगळं. तो मान खाली घालून वाळू उकरत राहिला. दोन दिवस तो आला नाही. तिसऱ्या दिवशी आला, १६०० मीटर साडेपाच मिनिटांत मारले, आणि जाताना मला विचारलं, "काका, तेचा नाव काय होता?"

मला माहीत नव्हतं. आम्ही चाचाच म्हणायचो.